मेरिडियन गाडी कोणाच्या नावाने उभी राहावी

१९६६ च्या फेब्रुवारीत, ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, शिवणखात्यातली माझी मैत्रीण याद्विगा झारेम्बा आणि मी माझ्या आईच्या स्वयंपाकघरात पोंचकी तळत होतो. आत आलुबुखाराचा मुरांबा, वरून साखर. तळायचे काम माझ्याकडे होते आणि साखर भुरभुरवायचे तिच्याकडे, कारण नोव्हेंबरात डाव्या हाताची तीन बोटे कारखान्यातल्या कापड कापायच्या यंत्राखाली गेल्यापासून तिच्या वाट्याला एकहाती कामेच येत. तिने अंगठ्याला लागलेली साखर चाटली आणि म्हणाली, “त्या गाडीतल्या पट्ट्याचं काय करायचं, ते मला कळलंय गं.”

माझ्याकडे आज वाटण्यासारखे जे काही आहे ते त्या वाक्यातून आले, म्हणून ते आधी लिहिले. वकील डेम्ब्स्की यांना ही सुरुवात चालणार नाही. आता त्यांच्या पद्धतीने लिहिते.

मी, कुमारी युजिनिया (गेनिया) वोइताश, वय वर्षे चौसष्ट, राहणार कॅनिफ रस्ता, हॅमट्रॅम्क, मिशिगन, हॅवरस्ट्रॉ मोटर कंपनीच्या शिवणखात्यातील व नंतर आराखडा विभागातील कर्मचारी, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून वा धाकाने नव्हे, लिहीत आहे. माझ्या हृदयाचा भरवसा नाही असे डॉक्टर म्हणतात. डोके मात्र शाबूत आहे. १९८८ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात गाडीविषयी ‘मला माझ्या कल्पनेबद्दल बक्षीस मिळालेली’ असे शब्द होते. ते खोटे होते.

कलम १. राहते घर व त्यातील सामान माझ्या बहिणीची मुलगी लुसिना हिला द्यावे. तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला मार्चमध्ये पाणी सुटते. तिने घाबरू नये, घमेले ठेवावे.

कलम २. भाचा लिओन याने सलग तीन नाताळच्या जेवणांत, तोंडात घास असताना, “आत्या, ती गाडी विकून मोकळी हो,” असे मला ऐकवले. त्याला माझे बर्फ काढण्याचे यंत्र द्यावे. ते सुरू होत नाही, हे मला माहीत आहे.

कलम ३. आराखडे काढण्याच्या लेखण्या, वळणपट्ट्या आणि उतरते टेबल आमच्या चर्चच्या शाळेला द्यावे. त्या शाळेत सिस्टर मेथोडिया यांनी माझे अक्षर घडवले. शाई गळली तर पान नव्याने लिहायचे आणि पानाच्या मागच्या बाजूला काहीही लिहायचे नाही, हे त्यांचे दोन नियम होते. दोन्ही मी जन्मभर पाळले, आणि दुसरा ज्या दिवशी मोडायला हवा होता त्या दिवशीही पाळला.

कलम ४. गाडी.

हॅवरस्ट्रॉच्या आवारात ‘सुचवणी पेटी’ होती. कामगाराने गाडीत किंवा कामात सुधारणा सुचवायची, वरिष्ठांना पटली तर बक्षीस. शिवणखात्यातल्या बायका निम्म्या पोलंडहून आलेल्या, त्यांना इंग्रजी लिहिताना घाम फुटे. त्यांचे अर्ज मी लिहून देत असे, जेवणाच्या सुट्टीत, मोबदल्यात एखादे सॉसेज घेऊन.

त्या वर्षी सगळ्या नव्या गाड्यांत कमरेचे पट्टे बसू लागले होते. दोन्ही टोके सीटवर मेलेल्या सापासारखी पडलेली असत. एका हाताने एक धरायचे, दुसऱ्याने दुसरे. याद्विगाला ते जमेना. तिच्या दिराने नवी गाडी घेतली होती आणि लहान मुलाला बांधावे तसे तो तिला बांधत असे. तिला त्याची लाज वाटे. पोंचकींच्या त्या मंगळवारी तिने माझ्या आईचे कमर आवळायचे जुने कॉर्सेट मागून घेतले, त्यातली पोलादी पात काढली, खात्यातून मिळालेल्या एका पट्ट्याच्या बकलाकडच्या टोकावर जाड कापडाची बाही शिवली आणि पात तिच्यात सरकवली. बकल फुलाच्या देठासारखे ताठ उभे राहिले. उजव्या हाताने दुसरे टोक आणून तिने त्यात घातले. खट्ट. तिने ते दहा वेळा करून पाहिले आणि दहाही वेळा हसली.

अर्ज मी तिथेच लिहिला. अर्जावर बिल्ल्याचा क्रमांक लागे, आणि दुखापतीच्या रजेवर असलेल्यांचा बिल्ला कंपनी जमा करून घेई. ती म्हणाली, “मग तुझा बिल्ला टाक. नाव माझं टाक.” मी तिला सांगितले की एकीचा बिल्ला आणि दुसरीचे नाव पाहून कारकून कागद टोपलीत टाकेल. हे खरे होते. नावाच्या रकान्यात मी माझे नाव लिहिले. मागची बाजू पूर्ण कोरी होती. ‘ही कल्पना याद्विगा झारेम्बा हिची’ एवढे तिथे सहज मावले असते.

तोपर्यंत माझ्या मनात पाप नव्हते, असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगितले. आता खात्री देता येत नाही.

जूनमध्ये आवारात मंच उभारला. कंपनी त्या वर्षी ‘मेरिडियन’ ही गाडी काढत होती. तिचे पुढचे दिवे चाकांबरोबर वळत आणि मागच्या सीटवर बसणाऱ्यांची तोंडे मागच्या रस्त्याकडे असत. अशा जेमतेम दोनशे गाड्या झाल्या असतील. त्यांतली एक, फिकट हिरवी, मला बक्षीस दिली. व्यवस्थापक म्हणाले की अशी कल्पना केवळ एका कुशल स्त्रीलाच सुचू शकते. त्यांनी ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला. मी ठरवून गेले होते की त्या वेळी सांगायचे. मी म्हणाले, “मी आपली आभारी आहे,” आणि तो परत दिला. खाली याद्विगा टाळ्या वाजवत होती. एप्रिलपासून ती पुन्हा मशिनवर बसत होती. तिच्या टाळीचा आवाज इतरांहून वेगळा येतो. मला तो ऐकू आला.

खाली उतरल्यावर ती जवळ येऊन म्हणाली, “फोटोत हातमोजे घालायचेस गं. राणी दिसली असतीस.” ही तिची क्षमा आहे, असे मी सोयीने ठरवले.

बक्षिसापाठोपाठ मला वरच्या मजल्यावर, आराखडा विभागात नेमले. कंपनी बुडाली तेव्हा त्या अनुभवावर दुसऱ्या कंपनीने घेतले. पंचवीस वर्षे पुरुषांच्या बैठकीत ‘बाईच्या नजरेने गाडी’ या विषयावर मी बोलले. याद्विगा मशिनवरच राहिली, आणि हॅवरस्ट्रॉ बुडाल्यावर एका धुलाईघरात पडदे शिवू लागली. दर रविवारी मी तिला मेरिडियनमधून चर्चला नेत असे. ती शेजारी बसून पट्टा लावी, एका हाताने, आणि गप्पा मारी: पर्स कुठे ठेवावी कळत नाही, दार उघडताना पाय चिखलात पडतो, ऊन नेमके डोळ्यांवर येते. त्यातले जे उपयोगाचे असे ते मी सोमवारी बैठकीत मांडत असे. निदान चार गोष्टी तरी मला नक्की आठवतात.

फादर ऑगस्टिन यांच्यापाशी मी एकदा पापाची कबुली दिली. ते म्हणाले, घेतलेले परत केल्याशिवाय क्षमा मागू नये. तेव्हापासून मी कबुली द्यायला पलीकडच्या चर्चमध्ये जाऊ लागले.

म्हणून ही मेरिडियन गाडी, तिच्या दोन्ही किल्ल्यांसह, मी याद्विगा झारेम्बा हिला देत आहे.

इथपर्यंत मी गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी लिहिले होते. वरचे वाक्य आता रद्द समजावे. ते मी खोडलेले नाही, कारण मी काय करायला निघाले होते तेही कागदावर राहायला हवे.

मला तोंडाने सांगवेना, म्हणून त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर, गाडी चर्चसमोर उभी असतानाच, मी ही पाने तिच्या मांडीवर ठेवली. तिने चष्मा लावून सगळे वाचले, लिओनचे कलमसुद्धा. मग विचारले, “हे मला तू मेल्यावर कळणार होतं?”

मी हो म्हणाले.

“म्हणजे मी काळे कपडे घालून तुला पुरायला यायचं, रडायचं, आणि मग वकिलानं मला किल्ल्या द्यायच्या. मला तर गाडी चालवताही येत नाही, गेनिया.”

मी विचारले की इतकी वर्षे ती काही का बोलली नाही. ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली,

“त्या दिवशी मी नवा ब्लाउज घातला होता. मला वाटलं, तू मला वर बोलावशील. नंतर वाटलं, पुढच्या रविवारी सांगेल. मग दर रविवारी तेच वाटायचं. मी काय फुकट प्रवासासाठी बसत होते होय तुझ्या गाडीत?”

मग तिने विचारले की साक्षीदार कोण आहेत. मी सांगितले की अजून ठरायचे आहेत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार असेल तो साक्षीदार नसावा, असे डेम्ब्स्कींनी बजावले आहे.

“मग मी होते साक्षीदार,” ती म्हणाली. “तुझ्याकडून मला काही मिळालं, असं कुठंही लिहिलेलं नको. आणि जे सांगायचं ते जिवंतपणी सांग, पुढच्या रविवारी, खाली, कॉफीच्या वेळेला.”

पट्टा सोडून ती उतरली आणि नऊ गल्ल्या चालत घरी गेली.

पुढच्या रविवारी ती तिच्या मुलीच्या गाडीतून आली. चर्चच्या तळघरात हॅवरस्ट्रॉच्या उरलेल्या अकरा बायका कॉफी घेत होत्या. मी उभी राहिले आणि सांगितले. फार वेळ लागला नाही. कोणी ओरडले नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी आमच्या दोघींच्या खुर्च्यांमध्ये ठेवलेली आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. मग कोणीतरी याद्विगाला विचारले की पात कॉर्सेटचीच होती का, आणि ती त्यांना पोलादाची जाडी समजावू लागली. सगळ्या जणी तिच्याकडे सरकल्या. मी माझा कप धुऊन ठेवला.

त्यानंतर ती माझ्या गाडीत बसलेली नाही. मी दर रविवारी तिच्या घरावरूनच जाते.

कलम ४, सुधारलेले. मेरिडियन गाडी शहरातील मोटारगाड्यांच्या संग्रहालयाला द्यावी. तिच्यासमोरच्या पाटीवर असे असावे: ‘या गाडीतील ताठ बकलाचा पट्टा याद्विगा झारेम्बा, शिवणखाते, यांनी तयार केला. त्याचे बक्षीस दुसऱ्या स्त्रीने घेतले.’ दुसऱ्या स्त्रीचे नाव कोणी विचारल्यास सांगावे.

कलम ५. मंचावरचा माझा फोटो घरात दिवाणखान्यात आहे. चौकट लुसिनाला द्यावी, फोटो जाळावा.

कलम ६. संग्रहालयाने ती पाटी लावण्यास नकार दिला, किंवा तिच्यातला एकही शब्द सौम्य करायला सांगितला, तर गाडी हौशी संग्राहकांना विकू नये आणि लिओनलाही देऊ नये. ती भंगारवाल्याच्या दाबयंत्राखाली घालावी. माझ्या नावाने ती कुठेही उभी राहू नये.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले आहे व पुढील दोघांसमक्ष सही केली आहे.

युजिनिया वोइताश

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही:
१. याद्विगा झारेम्बा
२. रॉबर्ट पेल्का, वकील डेम्ब्स्की यांचे कारकून

हॅमट्रॅम्क, मिशिगन
२१ ऑक्टोबर २००३