ओटीला टेकलेली गाडी

२६ जुलै
काल दुपारच्या भरतीला खाडीचं पाणी आळीत शिरलं. अंगणात गुडघ्याच्या वर. बायको, शोभा, आत खाटेवर. खुब्याचं ऑपरेशन होऊन महिनासुद्धा नाही. बाहेर मी, शेजारचा काशिनाथ आणि त्याच्या होडीवरचे दोन खलाशी. रेवदंड्यात उधाण आलं की जे मोलाचं ते घराजवळ ओढायचं. होडी, जाळी, इंजिन. तसंच आमच्या विजेच्या गाडीचं केलं. मी स्टिअरिंगला, तिघे मागून. ढकलत थेट ओटीच्या पायऱ्यांना टेकवली, दोर माडाला बांधला. मी पार्किंगचं बटण दाबलं आणि स्क्रीन काळा झाला.
का. म्हणाला, "आता कुठं जात न्हाय ती, भाऊ."
खरंच जात नाही.

२७ जुलै
हेल्पलाइनला फोन. मुलगा नीट बोलत होता. पाणी गोडं की खारं? खारं म्हटल्यावर थांबला. मग पाठ केल्यासारखं: चालू करू नका, चार्जिंग लावू नका, घरापासून लांब मोकळ्यावर ठेवा. बॅटरीत खारं पाणी गेलं असेल तर काही दिवसांनीसुद्धा पेटू शकते. वास, धूर, फुसफुस, यातलं काहीही झालं तर सगळे बाहेर पडा.
लांब कशी ठेवणार? चाकं लॉक. सोडवायला करंट हवा, आणि करंट तर द्यायचा नाही.
शो.ची खिडकी बोनेटवर उघडते. बाहेर पडायला पायऱ्या, पायऱ्यांवर तिच्या वॉकरसाठी केलेला फळ्यांचा उतार, उतारावर गाडी. मागचं दार विहिरीकडे आहे, पण तिथे पायऱ्याच नाहीत. जोतं कमरेएवढं.

२८ जुलै
विमावाला म्हणतो, पाहणीपर्यंत हलवू नका. सर्व्हिसवाला म्हणतो, हलवा. टोइंगवाला म्हणतो, चाकं फिरत नसतील तर सपाट ट्रक लागेल, आणि तो तुमच्या आळीत वळणार नाही. तिघेही अगदी सभ्य.
संध्याकाळी मी लिहितो त्या पुरवणीच्या संपादकाचा फोन. विजेची की पेट्रोलची, सुरक्षित कोणती? आठशे शब्द, गुरुवारपर्यंत. "तुमच्याकडे तर स्वतःचीच आहे ना?" आहे म्हटलं. खिडकीखाली.
झोपण्याआधी गाडीच्या खाली हात घालून तळाला उलटा पंजा लावून बघितला. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तसा. गार.

३० जुलै
लेखासाठी वाचन. मिळालं त्यातलं बहुतेक एकाच दिशेचं. गाड्यांच्या संख्येच्या मानाने पेटतात त्या पेट्रोलच्याच जास्त. विजेच्या क्वचित, पण पेटल्या की विझता विझत नाहीत, विझल्या तरी पुन्हा धुमसतात. धडकेत दोन्ही बऱ्या. सगळं खरं आहे. खाडीचं पाणी प्यायलेल्या, ओटीला टेकवलेल्या एका गाडीबद्दल मात्र
स्वयंपाकघरातून फुसफुस. खुर्ची पाडून धावलो. कुकर.
शो. खाटेवरून, "डाळ आहे. पळा तुम्ही, मी येते मागून."
का.ची जुनी पेट्रोलची व्हॅन त्याच पाण्यात होती. त्याने ऑइल बदललं, प्लग सुकवले, आज सुरू झाली. आळीभर धूर. खिडकीशी थांबून म्हणाला, "माझी अडाणी हाय, पण सांगितलं तर ऐकते. तुमची शिकलेली. रुसून बसली."

३१ जुलै
लेख वेळेत पाठवला. आजवर एकही चुकलेला नाही, हाही चुकवता आला नाही.
शो.ला म्हटलं, खुर्चीत बसवून मागच्या दाराने उतरवू. चौघे लागतील. नाही म्हणाली. ज्या आळीतल्या पोरांना चालायला लावलं, शाळेपर्यंत हात धरून आणून शिकवलं, त्यांच्या खांद्यावरून जाणार नाही. वॉकर घेऊन पुढच्या दाराने निघेन.
तिच्या भावाचा बोर्ली पंचतनहून फोन, ताईला इकडे आणा. तिथवरच्या प्रवासात इतका वेळ तिला बसवत नाही. कशी नेऊ.
सकाळ-संध्याकाळ ती वॉकर घेऊन खाटेपासून उंबऱ्यापर्यंत जाते. गाडीकडे बघते. परत येते. धूर नसलेली गाडी हवी, हा हट्ट तिचाच होता. मी ते काढत नाही. तीही नाही.

३ ऑगस्ट
लेख छापून आला. शो.ने चष्मा लावून पूर्ण वाचला.
"छान आहे. सगळं बरोबर आहे."
मग पेपरची घडी घातली. "पण आज रात्री मी या खोलीत झोपायचं की नाही, ते कुठे लिहिलंय?"
ते आठशे शब्दांत नव्हतं.
म्हटलं, शक्यता फार कमी आहे.
"शक्यता तुमच्या लेखात राहते. मी इथे राहते."
थोड्या वेळाने तीच म्हणाली, काशिनाथच्या जिन्याखाली होडीच्या पेट्रोलचा कॅन बारा महिने असतो. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला आपण त्या कॅनला पाठ टेकून जेवलो, आठवतं? मला आठवत नव्हतं. म्हणजे जेवण आठवतं. सुरमई.

५ ऑगस्ट
विम्याचा माणूस आला, फोटो काढले, आता हलवायला हरकत नाही म्हणाला. गाडीला आणि मला, दोघांनाही आनंद झाला असावा अशा आवाजात. आळीत वळेल असा छोटा ट्रक मिळाला, पण पौर्णिमेनंतर. पौर्णिमेला पुन्हा उधाण.
दुपारी शो. म्हणाली, वास येतोय. गोडसर, नेलपॉलिशसारखा. मला येईना. का.ला बोलावलं. त्याने वाकून, बसून, सगळीकडून हुंगलं.
"मला कुठंबी हुंगलं तरी सुकटच येते, भाऊ. माझं नाक धरू नका."
तळ गार. की कोमट? एकाच जागी इतक्यांदा हात लावला की कळेनासं होतं.
शो. भिंतीकडे तोंड करून होती. तशीच म्हणाली, "खुर्ची आणा."

६ ऑगस्ट
सकाळी शो.ला मागच्या दाराने काढलं. मी, का. आणि त्याचे दोघे. पलीकडच्या घरांतून माणसं बाहेर आली आणि शहाण्यासारखी पुन्हा आत गेली. शो. विहिरीच्या रहाटाकडे बघत राहिली. जोत्यावरून उतरवताना का. त्याच्या माणसांवर ओरडला, "हळू रे. बाई हायत, मासळीची पाटी न्हाय."
"काशिनाथ, चौथीतसुद्धा असाच बडबडायचास."
"व्हय बाई. आणि तुमी तवाबी उभंच करायच्या."
ती हसली.
आता तिची खाट का.च्या पडवीत. इथून आमची ओटी दिसते आणि ओटीला टेकलेली गाडी. अग्निशमनवाल्यांचा नंबर भिंतीवर चिकटवलाय. वॉकर आणायचा राहिला, संध्याकाळी आणेन.
खाटेच्या डोक्याशी जिना. जिन्याखाली कॅन. नारळी पौर्णिमेला होडी जायची म्हणून कालच भरून आणलेला. का. घरात नसताना झाकण पिळून बघितलं. घट्ट होतं, तरी आणखी पिळलं.
शो.ने डोळे न उघडता विचारलं, "वास येतोय का कसला?"
"येतोय. पेट्रोलचा."
"मग ठीक आहे," म्हणाली, आणि कुशीवर वळली.