गणपतीची तिकिटं आणि प्रेझेंट परफेक्ट

१६ जून, सोमवार

आजपासून इंग्रजी. निर्णय झाला. ऑफिसचा नवीन साहेब बंगळुरूहून फोन करतो आणि विचारतो, हॅव यू सेंट द फाइल? मी सेंड, सेंट, सेंडिंग असं सगळंच म्हणून टाकतो, त्यातलं बरोबर असेल ते त्याने घ्यावं. बोरिवलीच्या गावठाणात यव्होन मिस घरीच क्लास घेतात. सकाळी साडेसातची बॅच लावली. अक्षताने आठवण करून दिली की मी जिमसुद्धा अशीच लावली होती. बायकोकडे माझ्याविषयी फार माहिती साठली आहे.

१९ जून, गुरुवार

गावाहून नलिनीआतेचा फोन. यंदा घरच्या गणपतीची पाळी आमची. म्हणजे पूजेला बसणार बाबा. मागच्या पाळीला त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे चुलतभाऊ सुबोध बसला. ते बाबांच्या मनाला फार लागलं होतं. डॉक्टर म्हणतात, खुशाल जा, पण ट्रेनने, आडवं झोपून. बस नको, कार तर नकोच. थोडक्यात खालचा बर्थ पाहिजे. जेवताना बाबांनी विचारलं, तिकीटां काढशीत मां रे? म्हटलं, ती जबाबदारी माझी. सव्वीस तारखेला सकाळी आठला बुकिंग उघडतं. मोबाईलवर अलार्म लावला. काम झाल्यात जमा.

२६ जून, गुरुवार, सकाळी

आज बुकिंग. क्लास बुडवायची गरज नाही. आठ वाजता फोन काढायचा, दोन मिनिटांत विषय संपला.

२६ जून, दुपारी

मिस सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या डब्यात जमा करून घेतात. डबा कपाटावर ठेवतात. हे लक्षात राहिलं नाही.

आज प्रेझेंट परफेक्ट होता. बाकीची बॅच गार पडली. मला मात्र पटकन समजलं. छत्री हरवली, तर आय हॅव लॉस्ट माय अंब्रेला. कधी हरवली याला महत्त्व नाही, आत्ता हातात छत्री नाही याला महत्त्व. मिसनी मला फळ्याजवळ बोलावून इतरांना समजवायला सांगितलं. मी माझी स्वतःची उदाहरणं दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मधेच डब्यात कुणाचा तरी अलार्म वाजत राहिला. मला त्या माणसाचा रागच आला. लोकांना शिस्त म्हणून नाही.

अलार्म माझाच होता.

फोन हातात आला तेव्हा वेटिंग लिस्ट सुरू होऊन पार पुढे गेली होती. तिघांची तिकिटं काढली. वेटिंग तर वेटिंग. पैसे पूर्ण कापले, म्हणजे तिकीटच ते.

२६ जून, संध्याकाळी

होमवर्क होता, आज केलेली कामं घरच्यांना इंग्रजीत सांगा. आय हॅव ईटन पोहे. आय हॅव पेड द लाइट बिल. मग बोलण्याच्या ओघात, आय हॅव बुक्ड द गणपती टिकिट्स. हे उदाहरण होतं. पण बाबांना बुक्ड, गणपती आणि टिकिट हे तिन्ही शब्द कळतात. मी पाणी पिऊन येईपर्यंत त्यांनी नलिनीआतेला फोन लावलेला. आतेने सुबोधला कळवलं, सुबोधने वाडीच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर आता सगळे अंगठे दाखवतायत.

उद्या नीट समजावून सांगतो.

२७ जून, शुक्रवार

सांगितलं नाही, पण विचार खूप केला. मी खोटं बोललोच कुठे? बुक केलंय हे खरंच आहे. आता कळलं इंग्रज लोक हा काळ उठता बसता का वापरतात ते. आय हॅव डन इट म्हटलं की कधी, कसं, किती, कुणी खोलात शिरत नाही. सभ्य भाषा आहे. आपल्या मराठीत लगेच विचारतात, बघू, दाखव.

२ जुलै, बुधवार

साहेबाला म्हटलं, आय हॅव चेक्ड द फाइल. साहेब म्हणाला, एक्सलंट. फाइल उद्या बघीन. क्लासचे पैसे वसूल.

१३ जुलै, रविवार

बाबा सकाळपासून सोसायटीचा जिना चढतायत, उतरतायत. ट्रेनची पायरी उंच असते, तिथे झिलाला, म्हणजे मला, आधार द्यायला लागू नये म्हणून सराव. मी वरून बघत होतो. कठडा धरून एक पाय टाकायचे, थांबायचे, मग दुसरा. मला बघून हसले. मला फार वाईट वाटलं. इतकं की नाश्ता गेला नाही.

ठरलं. आज संध्याकाळी सांगायचं.

१३ जुलै, संध्याकाळी

बाबा आरत्या म्हणून बघत होते. आवाज छान लागला होता. अशा वेळी सांगणं योग्य दिसत नाही.

२५ जुलै, शुक्रवार

गणपती स्पेशल गाड्यांचं बुकिंग उघडलं. अक्षताने मुद्दाम ऑफिसात फोन करून सांगितलं. म्हणाली, आपलं झालंय रे, पण तुझ्या मित्रांना कळव. मी मित्रांना कळवलं. अनंतला तीन खालचे बर्थ मिळाले. तो मला देव म्हणाला.

स्वतःसाठी काढली नाहीत. कारण अ‍ॅपवर आमचं वेटिंग कन्फर्म होण्याची शक्यता सदुसष्ट टक्के दाखवतायत. साठच्या वर म्हणजे फर्स्ट क्लास. मला दहावीलाही एवढे नव्हते. शिवाय दुहेरी तिकिटं काढून दुसऱ्याची जागा अडवणं मला पटत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२६ जुलै, शनिवार

अनंतचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. तत्त्व थोडं बाजूला ठेवून स्पेशलचं बुकिंग बघितलं. भरलं होतं.

९ ऑगस्ट, शनिवार

आज मिसनी यट शिकवलं. प्रत्येकाला विचारत होत्या, हॅव यू डन इट यट? माझ्यापाशी आल्या तेव्हा मी वहीत मान घातली. क्लास सुटल्यावर थांबलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील वाक्य बरोबर आहे. त्या म्हणाल्या, अरे सुशांत, आत्ता तुझ्या बापाच्या हातात तिकीट आहे का, ते सांग. नाही ना? मग आज घरी जा आणि सांगून टाक. इंग्लिश बिंग्लिश नको, मराठीत सांग.

घरी आलो. बाबांनी पूजेसाठी नवीन धोतर आणलंय. मला हात लावून बघायला लावलं. मी म्हटलं, झकास आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

अक्षताने डबा आणि बर्थ नंबर विचारला. गाडी आली की कुठे उभं राहायचं ते बाबांना आधीच समजावून ठेवायचं होतं तिला. मी सदुसष्ट टक्क्यांबद्दल सांगितलं. आता ते एकेचाळीस झालेत, हेही सांगितलं. ती म्हणाली, वाट लावलीस रे तू. अनंतसाठी फोन करायला वेळ होता तुला. मी तत्काळचं सांगितलं. ती म्हणाली, तू तत्काळ कर नाहीतर विमान कर, पण त्यांना तूच सांगायचंस. मी सांगणार नाही.

विमान बघितलं. लांब चालावं लागतं, बाबांना झेपणार नाही. अडचणी मी निर्माण करत नाही, असतातच.

२४ ऑगस्ट, रविवार

तत्काळ. फोन फुल चार्ज, नावं भरून तयार, अक्षता शेजारी लॅपटॉपवर. बुकिंग उघडलं, चक्र फिरलं, ओटीपी आला, टाकला, तिकिटं संपली. बाबा आत बॅगेत कापूर आणि जानवी नीट ठेवत होते. विचारत होते, एवढो कसलो गोंधळ रे? म्हटलं, ऑफिसचं काम.

२५ ऑगस्ट, सोमवार

चार्ट लागला. वेटिंग ते वेटिंगच.

सांगितलं. आधी म्हटलं, रेल्वेने घोळ केला. अक्षता दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग डब्यातला अलार्म, वाडीचा ग्रुप, स्पेशल गाडी, सगळं सांगितलं. दोन महिन्यांची गोष्ट पाच मिनिटांत संपली. बाबा चप्पल घालून बसले होते. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, अनंतची गाडी सुटली काय रे? म्हटलं, काल रात्रीच. म्हणाले, बरां झाला, तेका तरी जाऊक गावला. मग वाकून चप्पल काढली.

२७ ऑगस्ट, बुधवार

गावाहून व्हिडिओ कॉल. पूजेला सुबोध बसला. नलिनीआते भडकलेली. सगळ्या वाडीसमोर बाबांना विचारलं, तिकिटं जूनपासून होती ना, मग पाळीच्या वर्षाला आलास कसा नाहीस?

मी मोदकांचं ताट घेऊन शेजारीच उभा होतो. म्हटलं, आता बाबा सांगणार. सांगायलाच हवं होतं त्यांनी.

बाबा म्हणाले, पाय ठणकता गो माझो. झिलान तिकीटां कवाच काढल्यान हुती. मियाच नको म्हटलंय.

आते निवळली. तिने कॅमेऱ्यात मला शोधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, गुणाचो आसा हो सुशांत.

फोन ठेवून बाबांनी ताटातला एक मोदक घेतला आणि माझ्या हातावर ठेवला. पुढची पाळी चार वर्षांनी येते. बाबा ब्याऐंशीचे आहेत.