खिळ्यांच्या बुटांचे ठसे

पळसदेव,
१२ मे १९९७

प्रिय दस्तगीर,

अनेक आशीर्वाद. कलकत्त्याहून पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. परीक्षेच्या पेपरांमुळं उत्तराला उशीर झाला, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही.

यंदा उजनीचं पाणी फार हटलंय. जुनं देऊळ पायथ्यापर्यंत उघडं पडलंय आणि त्यामागचं आपलं मैदानही. तुला मी फुटबॉल पायानं अडवायला शिकवलं, ते. परवा रावजी कोळ्याच्या जाळ्यात मोठा कटला मासा आला, तर तू गोल केल्यावर टेकवायचास तसं त्यानं होडीतच कपाळ टेकवलं. तुझी आई हसत ओरडली, "आरं मुडद्या, आधी हातपाय तरी धू!"

तू विचारलंस : गोल केल्यावर मैदानात कपाळ टेकून सजदा करू नको, श्रद्धा घरी ठेव, असं क्लबचे साहेब म्हणतात, नाहीतर करार जाईल. मास्तर, काय करू? मी हिंदू माणूस, यात काय बोलावं, या विचारात मी अडकलो.

मागच्या महिन्यात आमच्या टीव्हीवर सगळ्यांनी तुझा सामना पाहिला. गोल झाला. तू वाकलास आणि बुटाची नाडी बांधलीस. कुणी टाळी वाजवली नाही. रावजी म्हणाला, "गडी वाकला, पन टेकला न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या आईनं मला देवळामागं नेलं. ओल्या गाळात दोन तळहात, दोन गुडघे, पुढं कपाळ. तोंड पश्चिमेला. पायांच्या जागी बुटाच्या खिळ्यांची भोकं. येणारी-जाणारी पावलं कुठंच नव्हती.

"कुणीतरी चेष्टा केली असेल," मी म्हणालो. तसले बूट बारामतीतही मिळत नाहीत, हे माहीत असून म्हणालो.

पुढच्या दोन्ही सामन्यांत तू गोल केलेस आणि टेकला नाहीस. दोन्ही वेळा सकाळी नवा ठसा होता, आधीच्यापेक्षा खाली, पाण्याच्या बाजूला. शेवटचा तर काठावरच आहे. कपाळाच्या खळग्यात पाणी साचलंय.

एक गोष्ट रोजनिशीतही लिहिली नाही. मी त्या ठशात तळहात ठेवला. भोवतीचा गाळ गार होता, ठसा कोमट. डाव्या करंगळीची जागा वाकडी होती. तुझी ती मोडलेली करंगळी मीच बांधली होती, दस्तगीर.

तुझी आई रोज तिथं जाऊन बसते. काल म्हणाली, "मास्तर, म्होरला पान्यात उठंल. मग त्याला कुठं हुडकू मी?"

करारातलं मला कळत नाही, श्रद्धेतलं तर त्याहून नाही. भीतीपोटी दिलेला सल्ला खरा असतो का, तेही ठरत नाही. तरी देतो. महिनाअखेरीला तुझा सामना आहे. गोल झाला तर, बाळा, तिथंच टेकव, सगळ्यांदेखत.

इथं शेवटच्या ठशापुढं आता कोरडी जागा उरलेली नाही.

तुझ्या आईसोबत काठावर बसलेला,
बिरदेव मास्तर