जाळ्याचा बंदोबस्त

रविवार, २ नोव्हेंबर
नेत्राला सोडणार नाही.
चार महिने खपून राक्षस तयार केला होता. दुर्दंड. टेबलावर फासे टाकून खेळायच्या आमच्या लढायांचा गेम मास्टर मी. गोष्ट माझी, राक्षस माझे, नियम माझे, टेबलही माझंच. आणि नेत्राच्या कोळीण योद्ध्याने पहिल्याच डावात त्याच्यावर जाळं टाकलं. अल्पेशने तलवारीने मुंडकं उडवलं. दुर्दंडाचं भाषण राहूनच गेलं. वर अल्पेश विचारतो, उदयभाय, राक्षस होता का बोंबील? नेत्रा उत्तनच्या कोळीवाड्यातली. तिला जास्तच हसू आलं.
सूड वगैरे नाही. सिस्टीममध्ये बॅलन्स नाही, एवढंच.

मंगळवार, ४
नवा नियम. जाळं एकदा टाकलं की आवरायला तीन फेऱ्या. ममता म्हणाली, लग्नाची बायको मी, आणि रात्रंदिवस विचार त्या नेत्राचा! तिला समजावलं, नियम सगळ्यांना सारखा. जाळं फक्त नेत्रा वापरते, हा योगायोग.

रविवार, ९
नेत्राने जाळं आणलंच नाही. कुस्ती खेळली. दुर्दंडाचा थोरला भाऊ चीत. उदयदादा, अजून किती भावंडं आहेत रे त्याला, म्हणाली.
ठीक आहे.

सोमवार, १०
कुस्तीची ताकद अर्धी केली. ढालीचीही, कारण उद्या ती ढाल घेईल. भाला, लाठी, गोफण, सगळं आटोक्यात. अल्पेशची तलवारसुद्धा. बोंबील म्हणतो!

शुक्रवार, १४
झालं. आता कशानेही लढा, नुकसान एकच पॉइंट. राक्षसाचा जीव दोनशे. परफेक्ट बॅलन्स. येऊ दे रविवार.

रविवार, १६
अडीच तास लढाई. कोणी मरेना. राक्षसालाही कोणाला मारता येईना. नियम सगळ्यांना सारखा, म्हणजे त्यालाही, हे ध्यानात आलं नव्हतं. अल्पेश सोफ्यावर झोपला. शेवटी नेत्राने राक्षसालाच विचारलं, तुला नक्की पाहिजे काय रे? मी म्हटलं, तुझी पाळी, फासे टाक.
जाताना म्हणाली, दादा, पुढचा रविवार माझ्याकडे. नियम मी लिहिते, तू नुसता खेळायला ये. अल्पेश झोपेतूनच हो म्हणाला.
नुसता खेळायला! मी!

गुरुवार, २०
तिचे नियम आले. जेमतेम एक पान. भरपूर चुका सापडल्या. उत्तनला जाणार, पण फक्त सगळ्यांसमोर उघडं पाडायला.

रविवार, २३
माझा योद्धा दोन तलवारी घेऊन घुसला आणि पहिल्याच चकमकीत मेला. चुका दाखवायला तोंड उघडलं. सगळे आपापल्या पाळीसाठी टेबलावर वाकून बसले होते. माझ्याकडे असे कधी बसले नाहीत. तोंड मिटलं.
नेत्रा म्हणाली, दादा, नवा योद्धा बनवेपर्यंत अल्पेशच्या योद्ध्याचा हमाल घे, तसाही तो कोणी खेळत नाही. घेतला. हमालाला लढता येत नाही. विचारलं, निदान नाव तरी काय याचं? अल्पेश म्हणाला, नाव बाद में, पहले सामान उठा.
उचललं.