टवेटांच्या बंदुकांचा ट्रस्ट

१४ नोव्हेंबर
मोंटाना, बाबांचं घर

प्रिय लाइल,

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. चर्चच्या तळघरात बाबांच्या नावाने हॅम सँडविच खाऊन लोक घरी गेले, त्याला महिनाही झाला नाही, आणि तुझं पत्र हजर. चार ओळी बाबांवर, दोन पानं बंदुकांवर.

"ताई, सही करून टाक आणि कपाटाची चावी पाठव." जणू शिडी उसनी मागतोयस.

बाबांनी बंदुका ज्याच्या नावे केल्या त्या ट्रस्टचं कौतुक मला सांगू नकोस, तो केला तेव्हा मी तिथे होते. बंदुकांच्या प्रदर्शनात, सुकं मांस विकणाऱ्याच्या शेजारी वकील टेबल मांडून बसला होता. आपल्या माघारी बंदुका पोरांकडे बिनबोभाट जाव्यात म्हणून बाप्ये रांगेत उभे. बायकोसाठी मृत्युपत्र किती जणांनी केलं होतं, देव जाणे. आपल्या बाबांनी तर नाहीच. बंदुकांच्या कपाटात ओल शोषणारं यंत्र रात्रंदिवस चालू, आणि आई शेजारच्या खोलीत बुरशीच्या भिंतीकडे तोंड करून खोकत गेली. तिला चाप नव्हता ना.

विश्वस्त मी कशी झाले, हे विसरलास? तुझ्या पहिल्या बायकोने कोर्टाचा हुकूम आणला होता, बंदुकीला हात लावायची तुला बंदी. वकील म्हणाला, "ह्यांचं नाव घालता येणार नाही." तू माझ्यादेखत म्हणालास, "मग ताईचं घाला. तिला काय कळतंय, दाखवू तिथे सही करेल." तू, बाबा आणि वकील, तिघेही हसलात. मी सही केली, पण आधी वाचलं. वारस लायक आहे अशी विश्वस्ताची खात्री पटली, तरच बंदुका त्याच्या. नाही पटली, तर त्याच्या मुलांच्या. आणि एखादी मोडीत काढायची तर तेही विश्वस्तानेच ठरवायचं. पहिली बंदी उठली, आता चावी हवी म्हणतोस. पण खात्री माझी पटायला हवी, बाळा.

इकडे हरणांचा मोसम चालू आहे. शेजारच्या गिल्बर्टने अर्धं हरीण आणून दिलं. शेवटी तू विचारलंयस, कोरिन आणि ब्रिटा कुठे आहेत, मला काही ठाऊक आहे का. हरणाला यंदा चरबी बरी आहे.

बरं, सांगते. तुझी बायको आणि लेक माझ्याकडे आल्या होत्या. कोरिन बर्फातून घरातल्या सपाता घालून आली. आता त्या इथे नाहीत, तेव्हा गाडी काढू नकोस. कोर्टाचा नवा हुकूम घेऊन शेरीफचा माणूस तुझ्याकडे येतोय. हे पत्र त्याच्याच हाती देतेय.

कोरिन शेगडीपाशी पाय शेकत बसली. ब्रिटा बोलली. मी बटाटे सोलत होते.

"आत्या, आजोबांच्या बंदुका माझ्या होणार?"

"तुझा बाप लायक ठरला नाही, तर तुझ्याच."

"मग त्यातली ती आखूडवाली तोडून टाकता येईल?"

"ती तू कुठे पाहिलीस गं?"

"पप्पा आजोबांकडून आणायचे, जेवताना टेबलावर असायची. आई बोलायला लागली की पप्पा बंदुकीचं तोंड आईकडे फिरवून ठेवायचे. काही म्हणायचे नाहीत."

"आणि आजोबा?"

"ते सकाळी येऊन घेऊन जायचे. पुसून."

ऐकलंस? पुसून! सुनेची विचारपूस नाही, नातीची नाही, बंदूक मात्र लख्ख. आणि ह्या माणसासाठी मी त्या दिवशी चर्चमध्ये उभी राहून भजन म्हटलं. मला त्याची किळस आली, लाइल, आणि तुझी त्याहून जास्त. जेवणाच्या ताटासमोर बायकोला बंदूक दाखवायची, एवढीच तुझी मर्दुमकी.

गिल्बर्टच्या वर्कशॉपमध्ये ती आखूड बंदूक कापली. ब्रिटाला निघायचं होतं, तरी वेल्डिंगचा मोठा चष्मा लावून ती शेवटपर्यंत उभी राहिली. नळीचे तुकडे गार झाल्यावर तिने एकेक उचलून पाहिला आणि विचारलं, "आता पप्पा आले तरी चालेल?"

मी म्हटलं, नाही गं, तरीही नाही.

तूच नेमलेली विश्वस्त,
आर्डिस टवेट