आईच्या नावाचा एकच रकाना

प्रिय झुल्माआत्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र दाराखालून सरकवते आहे. जिने चढू नकोस, एवढं तरी ऐक. डॉक्टरांनी पुन्हा बजावलं आहे, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन हिवाळ्यापर्यंत लांबवता येणार नाही.

दम्यामुळे मला शाळेत पाठवलं नाही, तेव्हा तू मला तुझ्या स्वयंपाकघरात अक्षरं शिकवलीस. माते नावाच्या पानांचा कडू चहा नळीने ओढत म्हणायचीस, "लिहिलेलं पुन्हा वाच, घोटाळा सापडतोच." त्या सवयीनेच मला ओळखपत्रांच्या कचेरीत नोकरी मिळाली, आणि तीच सवय आता झोपू देत नाही.

आपल्या गावात रस्त्याच्या अलीकडे उरुग्वे, पलीकडे ब्राझील. गाडीला दोन नंबरपाट्या लावाव्यात तशी पोरं दोन्हीकडे नोंदवायची, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. अलीकडे तू झुल्मा, आई एउलालिया, जी तुझ्या जन्माच्या वेळीच गेली. पलीकडे तू झुल्मिरा, आई अल्झिरा, रस्त्यापलीकडची शेजारीण. तिने आपल्या मुलीबरोबर तुला दूध पाजलं आणि आजोबांना न विचारता कचेरीत जाऊन तुला आपली म्हणून लिहवून आली.

आता दोन्ही सरकारांची ऑनलाइन कामं एकाच ओळखीवर चालणार. तिचे सामाईक नियम ठरवायच्या बैठकीत मीही होते. एक चेहरा, एक अंगठा, एक माणूस. मी भीतभीत हात वर केला, "साहेब, आईच्या नावाला दोन रकाने ठेवता येतील?" राजधानीतले इंजिनीअर म्हणाले, "अगं मुली, आई एकच असते." मी म्हटलं, "आमच्याकडे नसते." पलीकडचा कारकून ओरडला, "हिला सासूचाही रकाना हवा असेल, घ्या लिहून!" सगळे हसले. मीही हसले, आत्या. रकाना एकच राहिला.

म्हणून आज यंत्राला एका अंगठ्याच्या दोन बायका दिसतात आणि पलीकडच्या इस्पितळातलं तुझं ऑपरेशन अडून बसलं आहे. तू अंगठा देऊन होकार दिलास की दोन्ही नोंदी एक होतील. पण जुनी नोंद उरुग्वेची, म्हणून तीच उरेल. अल्झिराचं नाव जाईल. तू भरल्या कचेरीत म्हणालीस, "तुझ्या मशीनला सांग, मी आईला पुसायला आलेली नाही." बाहेर पडताना मला शपथ घातलीस, यातलं अल्झिराला काही कळता कामा नये.

मी ती मोडली. रविवारी तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. नव्वदीची म्हातारी खदखदून हसली. म्हणाली, "दूध मी पाजलं, नाव कुठे पाजलं? त्या गाढवीला म्हणावं मुकाट्यानं अंगठा दे, नाहीतर कान धरून नेईन." हा निरोप पोचवायला हे पत्र. उद्या मी दिवसभर कचेरीच्या खिडकीवर आहे, ये. पण निरोप तेवढाच नाही. मी निघाले तेव्हा तिने मला दार ओढून घ्यायला सांगितलं. एवढ्या उकाड्यात. ते दार बंद असलेलं मी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

तुझीच,
नोएमी