एनिडचा तिसरा भाग

लीड्स,
११ मार्च १९९४

प्रिय एनिड,

तू आणि केनेथ बरे असाल आणि व्हिटबीच्या वाऱ्याने तुझ्या लोकरीच्या दुकानाची पाटी अजून समुद्रात नेली नसेल, अशी आशा. माझा गुडघा कुरकुरतो, मी त्याचं ऐकत नाही. झाली विचारपूस. आता खाली बस, हे उभ्याने वाचू नकोस.

तू सापडलीस!

आपल्या 'गिरणीच्या पोरी' या टीव्ही मालिकेचा तिसरा भाग सापडला. अख्खा, आवाजासकट. आमच्या यंत्रविभागातला विल्फ हेपलव्हाइट आठवतो ना, चहात चार चमचे साखर घालणारा? त्याच्या बागेतल्या खोपटात टोमॅटोच्या कुंड्यांखाली फिल्मचा डबा निघाला. परदेशी विकायला काढलेली ती प्रत त्याच्याकडे जाळायला दिली होती. का जाळली नाहीस विचारलं, तर म्हणाला, "अहो बाई, आमची आयरीन दर मंगळवारी भांडी तशीच टाकून तुमच्या एनिडला बघायची. जाळली असती तर मला घरात घेतलं नसतं."

काल मी ती पाहिली. संपाच्या सभेत तू बाकावर चढतेस आणि शालीची पिन निसटते. आपण सगळं एका दमात चित्रित करायचो, थांबायची सोय नव्हती. तू एका हाताने शाल धरलीस आणि बोलत राहिलीस. एनिड, तू चोवीस वर्षांची होतीस! मी सत्तरीची म्हातारी, रिकाम्या खोलीत एकटीच टाळ्या पिटत होते. तू फार मोठी नटी होतीस. हे तुला तेव्हा तोंडावर सांगितलं नाही, कारण मालिकेची निर्माती मी, आणि बहिणीला वशिल्याने घेतलं असं कोणी म्हणेल ही धास्ती.

ब्रॅडफर्डला १४ मे रोजी माझा सत्कार आहे. तीस वर्षांची कारकीर्द, बेचाळीस कार्यक्रम वगैरे. मी त्यांना सांगितलं, माझं बक्षीस मिळालेलं नाटक राहू द्या, एनिडचा भाग दाखवा. तयार झाले.

इथवर लिहून मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो गार झाला.

आईच्या अंत्यविधीनंतर तू विचारलंस, "सहाही भाग पुसले तेव्हा तू अडवलं का नाहीस?" मी म्हटलं, वरच्यांनी परस्पर केलं. तेव्हापासून आपल्यात नाताळच्या कार्डापलीकडे काही उरलं नाही. पण वरच्यांनी केलं नव्हतं. चित्रफिती महाग, म्हणून जुनं पुसून त्यावरच नवं घ्यायचे. दर वर्षी निर्मात्याकडे यादी यायची. ठेवायचं त्यापुढे खूण करायची, बाकीच्याखाली सही. त्या वर्षी एकच खूण करता येत होती. ती मी माझ्या बक्षिसाच्या नाटकापुढे केली.

फितींच्या कोठारातली मिस प्रुएट कडक बाई होती, पण तीही घुटमळली. "सगळे सहा? तुमच्या बहिणीचं काम आहे ना?"

मी म्हटलं, "म्हणूनच."

आणि सही केली. मला अभिमान वाटत होता गं, आपण किती निःपक्षपाती याचा. पुढे तू काम सोडलंस. तू कोण होतीस हे तुझ्या लेकीला, जोनला, कधी दिसलंच नाही. हे माझ्यामुळे झालं, दुसऱ्या कोणामुळे नाही.

१४ मेला फिल्म सुरू होण्याआधी हेच मी व्यासपीठावरून सांगणार आहे. तुला ते लोकांकडून कळू नये म्हणून आधी हे पत्र. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी बोलायला उभी राहिले की खुशाल बाहेर जा. पण दिवे मालवले की जोनचा हात धरून आत ये आणि शेवटपर्यंत बस. टाळ्या तुझ्यासाठी असतील.

तुझी बहीण,
हे चारचौघांत म्हणायला सत्तावीस वर्षं लावणारी,
विनिफ्रेड